जुनी कंपनी व्हेरिफिकेशनचे पैसे मागते, ते भरायचे कोणी?

गिरणाकाठ
भाचा जळगाव एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात चार वर्षं एक्स्ट्रूडरवर, म्हणजे पाइप काढायच्या मशीनवर होता. रीतसर राजीनामा दिला, नोटीस पिरियड भरला, हिशेब चुकता झाला. आता चाकणला निवड झाली आहे. तिथल्या कंपनीच्या बीजीव्ही एजन्सीने, म्हणजे उमेदवाराची मागची माहिती पडताळणाऱ्या एजन्सीने, जुन्या कंपनीला मेल टाकला, तर उत्तर आलं: एका माणसामागे 1,000 रुपये, वर 18 टक्के जीएसटी. पैसे जमा झाले की मग माहिती. एजन्सी म्हणते, एवढ्याला आमच्या क्लायंटची मंजुरी नाही, तुम्हीच काय ते बघा. पोरगा 1,180 भरायला निघालाच होता, मी थांबवलं.
माणूस आपल्याकडे कामाला होता की नाही, एवढं सांगायला पैसे? चार वर्षं त्याने घाम गाळला, तो अनुभव त्याचा. कंपनीने त्याला कुलूप लावून किल्लीचं भाडं मागायचं, हे मला पटत नाही. बोला.

शिरपूरकर
हाई त सरळ लूट शे भो.

चटईवाला
लूट म्हणणं सोपं आहे. माझा चटईचा छोटा कारखाना. ऑफिसात एकच ताई. पगारपत्रक, पीएफ, ईएसआय, गेटपास, सगळं तिच्या डोक्यावर. एजन्सीचा फॉर्म कधी पाहिलाय का? रुजू तारीख, शेवटचा दिवस, हुद्दा, शेवटचा पगार, सोडण्याचं कारण, वागणूक, शिस्तभंग होता का, आणि शेवटी "परत घ्याल का?" मधे पगाराचं सॉफ्टवेअर बदललं, म्हणून जुन्या माणसाची नोंद काढायची तर पोटमाळ्यावरची मस्टरची बाडं उतरवावी लागतात. तेवढ्यात एजन्सीचा फोन: मॅडम, आजच पाहिजे. एजन्सी या कामाचे क्लायंटकडून पैसे घेते आणि माझ्या माणसाचा वेळ तिला फुकट हवा. आयजीच्या जिवावर बायजी उदार. मी अजून पैसे घेत नाही, पण घेणाऱ्याला चोर म्हणणार नाही.

गिरणाकाठ
दादा, मग एजन्सीशी भांडा ना. पैसे शेवटी पोराच्या खिशातून जातात, ते बोला.

अवधान एचआर
धुळ्यात एचआरचं काम करते, म्हणून आतली गोष्ट सांगते. एजन्सीच्या अहवालात हिरवा, पिवळा, लाल असे रंग असतात. जुन्या कंपनीने उत्तरच दिलं नाही किंवा फी भरली गेली नाही, तर "यूटीव्ही" लिहितात, म्हणजे पडताळता आलं नाही. उमेदवार खोटा ठरत नाही, पण वर बसलेला साहेब रंग बघतो, कारण वाचत नाही. नुकसान इथे होतं. फीच्या रकमेपेक्षा हे महाग पडतं.
आमच्याकडे फी भरायचीच असेल तर नवी कंपनी भरते. गरज तिची आहे. उमेदवाराकडे बोट दाखवणारी एजन्सी मी तरी बदलेन.

उधना रिटर्न
तुम्ही सगळे कायम कामगारांचं बोलताय. मी सुरतला जायच्या आधी इथेच ठेकेदाराकडून लागलो होतो. कंपनी म्हणते, हा आमचा माणूसच नव्हता. ठेकेदार फोन उचलत नाही. इथे तर फी घ्यायलाही कोणी नाही!

अवधान एचआर
भाऊ, ठेकेदाराकडे पन्नास किंवा जास्त कंत्राटी कामगार असतील तर त्याला कायद्याने सुटका नाही. कंत्राटी कामगारांच्या 1971 च्या केंद्रीय नियमांत काम संपल्यावर सर्व्हिस सर्टिफिकेट द्यायचं होतंच. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेतही कंत्राटी कामगाराने मागितलं की ठेकेदाराने अनुभव प्रमाणपत्र द्यायचं आहे. लेखी मागा, पोच ठेवा.

उधना रिटर्न
ताई, कायदा ठीक. पण ठेकेदाराचं ऑफिस म्हणजे त्याची मोटारसायकल. पोच कोणाची घेऊ?

चटईवाला
आणि प्रमाणपत्र दिलं तरी एजन्सी मानते का? बाजारात खोटी अनुभवपत्रं विकत मिळतात, म्हणून तर हा पडताळणीचा धंदा उभा राहिला. खोटेपणा करणारे मजेत आणि भुर्दंड आम्हाला.

पाडळसे
पीएफ आहे ना! 2014 पासून यूएएन आलाय, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर. ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ खात्याच्या पोर्टलवर सर्व्हिस हिस्ट्री उघडली की आस्थापना, रुजू तारीख, सोडल्याची तारीख, सगळं समोर. मालकाने एक्झिट तारीख टाकली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी आपण स्वतः टाकू शकतो. एजन्सीला ते दाखवा, विषय संपला.

उधना रिटर्न
संपला कसा? माझ्या पासबुकात ठेकेदाराचं नाव आहे. मशीनवर होतो की झाडू मारत होतो, ते त्यात दिसत नाही. आणि वीसपेक्षा कमी माणसं असतील तिथे पीएफची सक्तीच नाही. गावच्या दालमिलवाल्याचं काय?

पाडळसे
हुद्द्याचं बरोबर आहे, मान्य. अमेरिकेत यासाठी इक्विफॅक्स कंपनीची "द वर्क नंबर" ही सेवा आहे. कंपन्या नोंदी तिथे देतात, कर्ज देणारी बँक किंवा नवा मालक पैसे भरून माहिती घेतो. म्हणजे फी तिथेही आहेच. पण कामगाराला स्वतःची नोंद फुकट मागवता येते, चुकली असेल तर हरकत घेता येते. आपल्याकडे फी तेवढी आली, बाकीचं राहिलं.

चटईवाला
चला, माझ्याकडून तोडगा. तारखा आणि हुद्दा फुकट, एका ओळीचं उत्तर, त्याच दिवशी. वागणूक, कारण, परत घ्याल का, असले कॉलम भरून हवे असतील तर एजन्सीने मोजावेत. यात काय वाईट?

गिरणाकाठ
पहिलं मान्य. दुसऱ्यात गोम आहे. पोराबद्दल "परत घेणार नाही" असं तुम्ही लिहिणार, त्याचे पैसे घेणार, आणि पोराला ते कधी दिसणारही नाही. सुपरवायझरशी एकदा वाजलं म्हणून तसं लिहिलं गेलं, तर त्याने दाद कोणाकडे मागायची? एजन्सीला जे पाठवाल त्याची प्रत त्याच मेलवर पोरालाही पाठवा, मग घ्या काय घ्यायची ती फी. तयार आहात?

चटईवाला
प्रत दिली तर दुसऱ्या दिवशी गेटवर भांडायला येतील दादा. मग मी सगळ्यांनाच "चांगली वागणूक" लिहीन, आणि त्या फॉर्मला अर्थ काय उरला?