‘प्लेबॉय’ने मोकळेपणा शिकवला, तो कोणाला?

नदीकाठ : ‘प्लेबॉयने अमेरिकेला मोकळेपणा शिकवला, चित्रे हे केवळ निमित्त होते’ अशा आशयाचे टिपण काल इथे आले. त्याखाली लागलेली ‘सहमत’ची रांग पाहून राहवले नाही. डिसेंबर १९५३ मध्ये ह्यू हेफनरने शिकागोहून काढलेला या पुरुषांसाठीच्या, नग्न छायाचित्रे छापणाऱ्या मासिकाचा पहिला अंक ५० हजारांहून अधिक खपला, तो अभिनेत्री मेरिलिन मन्रोच्या नग्न छायाचित्रावर. ते छायाचित्र त्याने एका कॅलेंडर कंपनीकडून ५०० डॉलरना घेतले होते. १९४९ साली ते काढले गेले तेव्हा मन्रोच्या हातावर ५० डॉलर टेकवले गेले होते. हेफनरने तिला ना विचारले, ना काही दिले. पायाच असा घातला गेला असताना स्त्रीच्या मुक्ततेचे श्रेय या मासिकाला देणे मला पटत नाही.

जुना वाचक : टिपण माझे आहे, म्हणून उत्तर देतो. सप्टेंबर १९६२ मध्ये लेखक ॲलेक्स हेलीने जॅझ वादक माइल्स डेव्हिसची मुलाखत घेतली आणि तिथून मुलाखतींचे सदर सुरू झाले. मे १९६३ मध्ये माल्कम एक्स आणि जानेवारी १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग हे कृष्णवर्णीयांचे नेते त्याच पानांवर सविस्तर बोलले. गोऱ्या मध्यमवर्गीय पुरुषाच्या घरात ही माणसे या मासिकाने पोहोचवली, हे तुम्ही एका वाक्यानेही मान्य करत नाही. माझ्या मामांनी अमेरिकेहून आणलेले चार अंक आईने ट्रंकेत गोधड्यांखाली दडवले होते. ते चोरून काढून, शब्दकोश मांडीवर घेऊन मी मुलाखती वाचल्या आणि माझे इंग्रजी त्यांवर घडले.

नदीकाठ : मुलाखती उत्तम होत्या, हे मान्य. पण १९६३ मध्येच पत्रकार ग्लोरिया स्टायनम यांनी याच मासिकाच्या न्यूयॉर्कमधल्या प्लेबॉय क्लबात नाव बदलून नोकरी केली आणि तिथल्या मुलींचे तोकडे वेतन व घट्ट पोशाखातली पायपीट जगापुढे आणली. तो मोकळेपणा कोणत्या खात्यात धरायचा?

पिक्सेल : ‘प्लेबॉय’मधल्या लेना या मॉडेलचा उल्लेख कोणीच कसा करत नाही? नोव्हेंबर १९७२ चा अंक ७० लाखांहून अधिक खपला. त्यातल्या मधल्या पानावरच्या तिच्या नग्न छायाचित्राचा फक्त वरचा भाग दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी १९७३ मध्ये स्कॅन केला आणि ते ५१२ बाय ५१२ पिक्सेलचे (ठिपक्यांचे) चित्र प्रतिमा-संस्करणाचे, म्हणजे संगणकावर चित्रे हाताळण्याच्या पद्धती तपासण्याचे, जणू मोजमाप झाले. टोपीवरचे पीस, उघडा खांदा, मागचा आरसा : बारीक रेषा आणि सपाट छटा एकाच चौकटीत. यात गैर काय आहे?

नदीकाठ : आमच्या प्रयोगशाळेत तेच चित्र होते आणि साठ जणांच्या वर्गात आम्ही सात मुली होतो. एका मुलाने वसतिगृहात मूळ पान शोधून काढले. पुढच्या प्रात्यक्षिकाला मागच्या बाकांवर जी कुजबुज सुरू झाली, ती सत्र संपेपर्यंत थांबली नाही. सरांना सांगितले तेव्हा ‘चित्राकडे नाही, मॅट्रिक्सकडे (चित्रामागच्या आकड्यांच्या मांडणीकडे) पाहा’ असे उत्तर मिळाले.

पिक्सेल : हा त्या मुलांचा दोष आहे, चित्राचा नव्हे! ती बाई स्वतः १९९७ मध्ये बोस्टनच्या परिषदेला पाहुणी म्हणून आली होती. तिची तक्रार नसताना तुम्ही कोण?

नदीकाठ : २०१९ मध्ये तिनेच ‘आता मला तंत्रज्ञानातूनही निवृत्त होऊ द्या’ असे सांगितले, तेही वाचा. माझा आवाज चढला असेल तर चढू द्या. त्या सत्रात मी एकही शंका विचारू शकले नाही.

जुना वाचक : विषय मुलाखतींचा होता, तो कुठल्या कुठे गेला.

नदीकाठ : कुठेही गेलेला नाही. तुम्हाला गोधडीखाली किंग सापडले, मला वर्गात ते पान सापडले. मासिक एकच होते.

पिक्सेल : एप्रिल २०२४ पासून आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या संगणक विभागाने हे चित्र असलेले शोधनिबंध घेणे बंद केले आहे, त्यामुळे मीही विद्यार्थ्यांना तपासणीसाठी त्याऐवजी मिरच्यांचे चित्र देतो. त्यातही रेषा आणि छटा पुरेशा मिळतात, एवढे कबूल करतो. पण हा बदल मी नियमामुळे केला, तुमच्या युक्तिवादामुळे नव्हे.

नदीकाठ : कारण काहीही असो, तुमच्या वर्गातल्या मुलींना मिरच्या दिसतील.