राणीची घोडी आणि टॅब्लॉइडचे अश्रू

थेम्सकाठचा_तात्या (धागाकर्ता):

गेल्या शनिवारी पावसाचा आडोसा म्हणून आमच्या कोपऱ्यावरच्या चॅरिटी शॉपमध्ये शिरलो. पुस्तकांच्या फळीखाली एका खोक्यात सप्टेंबर २०२२ मधल्या, एलिझाबेथ राणी गेली तेव्हाच्या, पेपरांच्या स्मरण-पुरवण्या होत्या. जाड गुळगुळीत कागद, काळी चौकट. कुणीतरी हौसेनं जपल्या असणार आणि घर आवरताना मुलांनी देऊन टाकल्या असणार. वीस पेन्सला एक. घेतली, घरी येऊन चहाबरोबर चाळली, आणि मधल्या पानावर एम्मा भेटली.

एम्मा म्हणजे एलिझाबेथ राणीची काळी घोडी. १९ सप्टेंबरला शवपेटी विंडसरला आली तेव्हा तिला रस्त्याकडेला उभं केलं होतं. खोगिरावर राणी डोक्याला बांधायची तो रुमाल. पुढे वाड्याच्या चौकात म्यूक आणि सँडी ही कॉर्गी कुत्री. खालचा मजकूर वाचलात तर वाटेल की घोडीला सगळं कळलं होतं, फक्त तिला लिहिता येत नव्हतं म्हणून वार्ताहरानं लिहून दिलं.

त्या दहा-बारा दिवसांत टेलफर्डच्या आकाशात राणीच्या आकाराचा ढग दिसल्याची बातमी झाली होती. राजवाड्यावरच्या इंद्रधनुष्याची झाली होती. अंत्यविधीच्या वेळात सायकल चालवू नका, असं ब्रिटिश सायकलिंग या तिथल्या सायकल संघटनेनं सुचवलं आणि लोक खवळल्यावर माफी मागितली.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं, मी नेत नाही. कारण गहिवरून येणारा पेपर आणि पाठलाग करणारा पेपर एकाच छापखान्यातून निघतो. १० ऑगस्ट १९९७ च्या 'संडे मिरर'नं डायना आणि तिचा मित्र डोडी यांचा चुंबनाचा फोटो छापला. बरोबर तीन आठवड्यांनी, ३१ ऑगस्टला, पॅरिसच्या बोगद्यातल्या अपघातात दोघं गेली. लगेच सगळ्या पेपरांना हुंदका फुटला. पण लोक फोटोवाल्यांना शिव्या घालत होते, तेव्हा बोट कुणाकडे तरी वळवणं भाग होतं. ते वळलं बाल्मोरलकडे, राणीच्या स्कॉटलंडमधल्या वाड्याकडे. आमची राणी कुठे, तिचा झेंडा कुठे, असं 'सन'नं विचारलं. तुम्हाला काही वाटतं हे दाखवा, असं 'एक्स्प्रेस'नं सुनावलं. म्हातारी आजी आईवेगळ्या झालेल्या दोन नातवंडांजवळ थांबली होती, हा तिचा गुन्हा. झेंड्याचं तर साधं होतं: राजध्वज गादीवरचा राजा किंवा राणी वाड्यात असेल तेव्हाच फडकतो आणि तो कुणासाठीच अर्ध्यावर येत नाही. शेवटी युनियन जॅक चढवून अर्ध्यावर आणला, तेव्हा पेपर शांत झाले.

झेंड्यावर आठवडा गेला. फोटोला पैसे कुणी मोजले, हा प्रश्न तेवढा मागे पडला.

राणीछाप_रुपया:

आमच्या आजीच्या डब्यात व्हिक्टोरियाचा राणीछाप होता, तो मोडायचा नाही असा तिचा दंडक. आता कळतंय, ती पण रॉयल एक्स्पर्टच होती. बाकी घोडीवाल्या पानाचा फोटो टाका की.

क्रॉयडनची_काकू:

तात्या, तुम्ही पुरवणी चाळलीत. मी राणीच्या अंत्यदर्शनाच्या त्या रांगेत उभी होते.

गुरुवारी ऑफिस सुटल्यावर बर्मंडसीला गेले. मनगटाला कागदी पट्टी बांधली, तिच्यावर नंबर. पुढे-मागे कोण ते सगळ्यांना तोंडपाठ झालं, कारण टॉयलेटला जाताना जागा त्यांच्याच भरवशावर सोडायची. माझ्यामागे एक निवृत्त नर्सबाई, पुढे ब्रॅडफर्डहून आलेले बापलेक. साडेआठ तास. मी चिवडा नेला होता, तो रात्री दोनला संपला. शेवटी संसदेशेजारच्या बागेत नागमोडी रांगा, तिथे पाण्याच्या बाटल्या टाकून द्यायला लावल्या. आणि मग वेस्टमिन्स्टर हॉल. इतकी माणसं आणि आवाज फक्त पायांचा. दर वीस मिनिटांनी ठक् असा आवाज यायचा, की पहारा बदलायचा.

मला कुठल्या पेपरनं तिथे ढकललं नव्हतं. माझी आई २०२१ च्या मे महिन्यात कोल्हापूरला गेली. प्रवासावर निर्बंध. मी तिला व्हिडिओ कॉलवर पाहिलं, तेही भावाचा हात हलत होता म्हणून नीट नाही. त्या हॉलमध्ये मी कुणासाठी रडले ते माझं मला ठाऊक. अडीच लाख लोक त्या पेटीपुढून गेले. सगळे पेपर वाचून खुळावलेले होते म्हणता?

थेम्सकाठचा_तात्या:

काकू, नाही म्हणत. तुमचं रडणं तुमचं आहे. मी बोलतोय ते त्या रडण्याला ज्यानं चौकट घातली आणि किंमत छापली त्याच्याबद्दल.

क्रॉयडनची_काकू:

चौकट मलाही हवी होती, तात्या. घरी एकटीनं रडायला वर्षभर वेळ होता की. जमलं नव्हतं.

बाजारभाव:

काकूंना +१. तात्या, तुमचा राग चुकीच्या पत्त्यावर जातोय. पेपरवाला भाजीवाला आहे. गवार खपते तर गवार आणतो. आणि राजघराणं काय बिचारं आहे? डायनानं १९९२ च्या त्या गाजलेल्या चरित्रासाठी मित्राकरवी टेपा भरून पाठवल्या होत्या. हॅरीनं स्वतःचं पुस्तक विकलं, मुलाखती दिल्या, मालिका केली. दोन्ही हातांनी टाळी वाजते. लोकांना गहिवर आवडतो, लोक पैसे देतात, संपला विषय.

निळी_शाई:

भाजीवाल्याची उपमा ऐकली की मला हसू येतं, कारण मी नाशकात एका पेपरच्या डेस्कवर अकरा वर्षं काढली आहेत. गवार आम्हीच पेरायचो.

आणि लोकांना हवंच होतं म्हणता, तर एप्रिल २०२१ आठवा. राणीचे पती प्रिन्स फिलिप गेले तेव्हा बीबीसीनं ठरलेले कार्यक्रम गुंडाळून एकच गोष्ट दाखवली. मास्टरशेफची फायनलसुद्धा पुढे ढकलली. तक्रारी आल्या १,०९,७४१. त्या घ्यायला वेबसाइटवर वेगळा फॉर्म काढावा लागला! म्हणजे गहिवर खपतो खरा, पण लोकांना तो पोटभर झालेला कळतो. वाढणाऱ्याला कळत नाही.

डेस्कवरचं साधं सत्य सांगतो. गहिवराची कॉपी सगळ्यात स्वस्त. कागदपत्रं काढावी लागत नाहीत, वकिलाला दाखवावी लागत नाही, घोडी अब्रुनुकसानीचा दावा लावत नाही. जिथे माहिती नाही तिथे 'राजवाड्याच्या निकटवर्तीयांनुसार' घालायचं. वर हे लंडनचे रॉयल एक्स्पर्ट. मार्च २०२१ मध्ये दोन यूट्यूबरनी त्यांची काय फजिती केली आठवतं? हॅरी-मेगनची ओप्राबरोबरची मुलाखत ७ मार्चला दिसायची होती. यांनी त्याआधीच तीन-चार नावाजलेल्या एक्स्पर्टना कॅमेऱ्यापुढे बसवून प्रतिक्रिया विचारली. गडी न पाहिलेल्या मुलाखतीवर बोलले की! कोण खोटं बोललं, कुणी अभिनय केला, सगळं.

रोटाचंही सांगतो. राजवाड्याच्या कार्यक्रमांना ठरावीक पेपरांच्या वार्ताहरांना आळीपाळीनं आत घेतात, त्यांनी बाकीच्यांना मजकूर पुरवायचा. याला रॉयल रोटा म्हणतात. आत राहायचं तर फार वाकडं लिहायचं नाही. आपल्याकडे पालकमंत्र्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसणारा वार्ताहर असतो ना, तसंच. फक्त गाडी जुनी आणि चालक टोपीवाला.

बाजारभाव:

मग तेच पेपर राणीच्या मुलाचं, अँड्र्यूचं, एपस्टीन प्रकरण कसं छापत होते?

निळी_शाई:

छापत होते, पण कधीपासून आणि कसं ते बघा. त्याला उघडं पाडलं ते बीबीसीच्या १६ नोव्हेंबर २०१९ च्या न्यूजनाइटनं. एक बाई शांतपणे एकामागून एक प्रश्न विचारत होती, एवढंच. ना पार्श्वसंगीत, ना घोडी. नंतर फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच्यावरच्या लैंगिक अत्याचाराच्या दाव्यात कोर्टाबाहेर तडजोड झाली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात राणीची कुत्री त्याच्या घरी गेली, तर काही पानांवर तो पुन्हा 'कुत्र्यांचा काळजीवाहू'! 'प्रिन्स' ही पदवी गेली ती थेट ऑक्टोबर २०२५ मध्ये.

म्हणून म्हणतो, गहिवरात जागा जाते. ६ मे २०२३ ला राज्याभिषेकाच्या सकाळी रिपब्लिक या राजेशाहीविरोधी संघटनेच्या प्रमुखाला निदर्शनांआधीच पोलिसांनी धरून नेलं. राज्याभिषेकाचा सरकारी खर्च ७ कोटी २० लाख पौंड, तो दीड वर्षानं जाहीर झाला. कॅमिलाच्या झग्यावरची नक्षी मात्र त्याच दिवशी सगळ्यांना पाठ होती.

गणेशखिंडकर:

लंडनवाल्यांना कशाला हसता? ११ सप्टेंबर २०२२ ला आपल्या देशात सरकारी दुखवटा होता, झेंडे अर्ध्यावर. व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, २२ जून १८९७ ला, प्लेगनं नुकत्याच होरपळलेल्या पुण्यात गणेशखिंडीत सोहळा चालू होता, आणि तिथून परतणाऱ्या रँडवर चापेकरांनी गोळी झाडली. त्याच मुलखातली चॅनेलं सव्वाशे वर्षांनी डबेवाल्यांपुढे माईक धरून विचारत होती, राणी गेली, कसं वाटतंय?

राणीछाप_रुपया:

डबेवाल्यांना मध्ये आणू नका हो. चार्ल्स २००३ मध्ये चर्चगेटला येऊन त्यांना भेटला, त्यांची वेळ मोडू नये म्हणून त्यांच्या वेळेला आला. २००५ च्या एप्रिलमध्ये लग्नाला बोलावलं, दोघं जाऊनही आले. राज्याभिषेकाला पुणेरी पगडी आणि उपरणं घेतलं ते आपण होऊन. आहेर-परतआहेर आहे तो. चॅनेलांनी त्याचा तमाशा केला हे मान्य.

लेस्टरची_लेक:

मला एक वेगळंच म्हणायचंय. गहिवर सगळ्यांना सारखा मिळत नाही, तो रेशनवर आहे.

मी इथे शाळेत असताना विल्यमच्या बायकोला, केटला, दिवस गेले होते. पोटावर हात ठेवलेला फोटो, खाली 'मेल'मध्ये मायेची भाषा. वर्षाच्या आत हॅरीच्या बायकोचा, मेगनचा, तसाच फोटो आणि त्याच पेपरचा प्रश्न की हिला पोटावरचा हात काढता का येत नाही? अव्होकॅडोचंही तसंच. केटसाठी ते मळमळीवर उपाय म्हणून गोड बातमी. मेगननं खाल्लं तर दुष्काळ आणि मानवी हक्कांची पायमल्ली. फळ तेच. आमच्या वर्गातल्या मुलींना हे समजायला कुणी शिकवावं लागलं नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये 'सन'मध्ये टीव्हीवाल्या क्लार्क्सननं मेगनवर जो स्तंभ लिहिला त्यावर पंचवीस हजारांहून जास्त तक्रारी गेल्या, पेपरला तो काढावा लागला, आणि पुढच्या वर्षी प्रेस नियामकानं तो लिंगभेदी ठरवला. तीनच महिन्यांपूर्वी हाच पेपर राणीसाठी काळ्या चौकटीत होता ना? तात्यांचं म्हणणं मला इथे पटतं.

बाजारभाव:

म्हणजे केट लाडकी, मेगन दोडकी. मग २०२४ मध्ये लाडकीचं काय झालं?

लेस्टरची_लेक:

तेच तर! जानेवारीत तिचं पोटाचं ऑपरेशन झालं. मार्चमध्ये मदर्स डेचा फोटो आला, त्यात फेरफार दिसला म्हणून एपी, रॉयटर्स, एएफपी या वृत्तसंस्थांनी तो मागे घेतला. ते बरोबरच होतं. पण मग दहा दिवस ती कुठे, ती जिवंत आहे का, दुकानातल्या व्हिडिओतली बाई तीच का? ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तिथल्या कुणीतरी तिचे कागद उघडायचा प्रयत्न केल्याची चौकशी लागली. २२ मार्चला बाकावर बसून तिनं कॅन्सर झाल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सगळीकडे 'धीराची केट'. आदल्या दिवशीच्या शंकांवर एक ओळ नाही.

थेम्सकाठचा_तात्या:

लेकीनं माझं काम केलं. बाजारभाव, टाळी दोन हातांची म्हणालात ना? 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'च्या रॉयल एडिटरला जानेवारी २००७ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. राजवाड्यातल्या कर्मचाऱ्यांच्या फोनवरचे निरोप चोरून ऐकल्याबद्दल. वासाला लागायला कारण काय, तर विल्यमच्या गुडघ्याच्या दुखण्याची बातमी, जी बाहेर कुणाला ठाऊकच नव्हती. डिसेंबर २०२३ मध्ये अशाच घुसखोरीबद्दल हॅरीला 'मिरर'कडून १,४०,६०० पौंड मिळाले, जानेवारी २०२५ मध्ये 'सन'च्या मालकांनी त्याची माफी मागितली, आणि त्या माफीत डायनाच्या आयुष्यातल्या घुसखोरीचाही उल्लेख आहे. सत्तावीस वर्षांनी. १९९७ च्या त्या आठवड्यात ही माफी पहिल्या पानावर शोभली असती. तिथे झेंडा होता.

बाजारभाव:

माफी वाचली. पण तात्या, वीस पेन्स शेवटी तुम्हीच मोजलेत.

थेम्सकाठचा_तात्या:

मोजले. पाऊस पडत होता.

क्रॉयडनची_काकू:

चालू द्या तुमचं. तात्या, ती पुरवणी रद्दीत घालणार असाल तर मला पाठवा. रांगेचा एक मोठा फोटो त्यात होता असं आठवतं, लॅम्बेथ पुलाजवळचा. ती पट्टी मी अजून कपाटात ठेवली आहे, तिच्याबरोबर राहील.

थेम्सकाठचा_तात्या:

पत्ता व्यनि करा, सोमवारी पोस्टात टाकतो. मधलं पान तेवढं नसेल. धाकटीनं घोडी कापून तिच्या खोलीच्या दाराला चिकटवली आहे.