रिपोर्ट नॉर्मल तरी अंग दुखतंच, फायब्रोमायल्जिया नक्की कुणाला होतो?

निशिगंध:
आईचं दोन वर्षांपासून अंग दुखतंय, आज मान-खांदे तर उद्या कंबर, मांड्या. रात्रभर झोपूनही सकाळी दमलेलीच उठते, ओला टॉवेल पिळला तरी मनगटापासून खांद्यापर्यंत कळ जाते. तपासण्या सगळ्या नॉर्मल, म्हणून घरात मनाचे खेळ म्हणायला लागले. आता डॉक्टरांनी फायब्रोमायल्जिया सांगितलंय. हे काय असतं आणि मलाही होईल का?

सांजवारा:
मनाचे खेळ अजिबात नाहीत, हे आधी घरात सांग. मला नऊ वर्षं आहे. सांधे झिजत नाहीत, सूज नसते, म्हणून एक्सरेत काही दिसत नाही, पण मेंदू आणि मज्जासंस्था दुखण्याचा सिग्नल वाढवून घेतात. लेक मागून येऊन बिलगली तरी मी कळवळायचे आणि तिला वाटायचं आई रागावली, ते अजून आठवलं की गलबलतं. शब्द न आठवणं, ऐन बोलताना विसरणं हेही त्यातलंच, आईला त्यावरून बोलू नका.

पायवाट:
मी फिजिओ आहे. बायकांमध्ये जास्त दिसतो, बहुतेक मध्यम वयात, पण पुरुषांना आणि मुलांनाही होतो (पुरुषांचं निदान बरेचदा राहूनच जातं). आई किंवा बहिणीला असेल तर शक्यता वाढते, पण होणारच असं नाही. संधिवात किंवा ल्युपस (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार) असणाऱ्यांनाही धोका जास्त. कधी अपघात, ऑपरेशन, इन्फेक्शन किंवा खूप दिवसांच्या ताणानंतर सुरू होतो, कधी काहीच निमित्त नसतं. 1990 च्या निकषात 18 ठरलेल्या जागा दाबून 11 दुखल्या तर निदान व्हायचं, 2010 पासून किती भागांत दुखतं, झोप, थकवा, विसरभोळेपणा आणि त्रास किमान 3 महिने आहे का ते बघतात. रक्ततपासण्या थायरॉईडसारखी दुसरी कारणं बाजूला काढायला.

निशिगंध:
खूप हलकं वाटलं. पण ती चालून आली की दुसऱ्या दिवशी अंथरूण धरते, मग चालू द्यायचं का?

पायवाट:
हो, पण आधी पाचच मिनिटं, आणि आठवडाभर तेवढंच. बरं वाटलं त्या दिवशी सगळी कामं उरकायला जातात तिथेच घात होतो. व्यायामाचा आधार यात सगळ्यात भक्कम आहे, नेहमीच्या पेनकिलरचा फारसा नाही, त्या मनाने वाढवू नका.

सांजवारा:
आणि पहिले काही दिवस तू सोबत चाल गं. मी एकटी असताना तिसऱ्याच दिवशी सोडलं होतं.