फोर्ड मॉडेल टी चढावर उलटी का चढवायचे?

चाकवेडा: मंडळी, मॉडेल टी (१९०८ ते १९२७) चढावर रिव्हर्समध्ये न्यायचे असं ऐकलं. इंजिनात दम नव्हता म्हणून का?

जुनंलोखंड: दमाचा नाही, पेट्रोलचा प्रश्न होता. या गाडीला पेट्रोलचा पंपच नव्हता. टाकी पुढच्या सीटखाली, तिथून पेट्रोल आपसूक उतरत कार्ब्युरेटरपर्यंत (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) जायचं. टाकी तळाला गेलेली आणि चढ खडा असला की गाडीचं नाक वर, पेट्रोल खाली, इंजिन बंद! गाडी उलटी फिरवली की टाकी पुन्हा उंचावर. मी एकदा ही गाडी चालवली आहे. पेडल तीनच, पण मधलं रिव्हर्सचं आणि उजवं ब्रेकचं. ॲक्सिलरेटर म्हणजे स्टिअरिंगखालची छोटी दांडी, ती बोटांनी ओढायची. पाय सारखे चुकीच्या पेडलवर जात होते, तरी उतरावंसं वाटेना. फार जीव लावते ही गाडी.

गिअरबॉक्स: शिवाय रिव्हर्सला जोरही जास्त. पहिला गिअर २.७५:१, रिव्हर्स ४:१ (पहिला आकडा मोठा तितका जोर जास्त).

चाकवेडा: वा! मग टाकी वर का नाही नेली?

जुनंलोखंड: नेली की. १९२६ च्या बहुतेक गाड्यांत ती काचेच्या पुढे, बॉनेटमागे आली.