मदत हवी आहे: डावा चेहरा बधिर, उजवं अंग बधिर, पण ओठाभोवती सगळं ठीक?

नमस्कार मंडळी. एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. उद्या सकाळी केस मांडायची आहे आणि एका ठिकाणी घोडं अडलंय.

पन्नाशीचे काका. परवा पहाटे एकदम गरगरलं, उलट्या झाल्या, आवाज बसला. पाणी प्यायलं की ठसका लागतो, कालपासून उचकी थांबत नाही. अंग पुसताना गरम पाण्याचा फडका उजव्या हाताला नुसता ओला लागतो, गरम लागत नाही, हे त्यांनीच सांगितलं.

डावी पापणी जरा खाली, बाहुली लहान. 'आ' करायला लावलं की पडजीभ उजवीकडे ओढली जाते. डाव्या हाताने नाकाला बोट लावताना नेम चुकतो, उभं केलं की डावीकडे झुकतात. उजव्या अंगाला टाचणी कळत नाही, ट्यूनिंग फोर्कची थरथर मात्र दोन्हीकडे कळते. ताकद पूर्ण, जीभ सरळ.

म्हणजे डाव्या मेड्युलाची (मेंदूच्या देठाचा सगळ्यात खालचा भाग) बाहेरची बाजू, तिथला रक्तपुरवठा तुटल्याने होणारा वॉलेनबर्ग सिंड्रोम. पिरॅमिड (ताकदीचे तंतू) आणि मीडियल लेम्निस्कस (थरथर कळवणारे तंतू) वाचलेत. इथवर आलोय. पण डाव्या कानाजवळ, कपाळाच्या कडेला टाचणी बोथट लागते आणि ओठ-नाकाभोवती नीट टोचते! चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या पाचव्या नर्व्हच्या तिन्ही शाखा वहीत काढून पाहिल्या, एकीतही बसत नाही. माझी तपासणी चुकली का? सर नेमकं हेच विचारणार.

उत्तर १:
चुकली नाही. ओठाभोवती वेगळं टोचून पाहिलंस हे बरं केलंस. बरेच जण गालावर एकदा टोचून पुढे जातात. शाखांचा नकाशा नर्व्ह मेंदूबाहेर असेपर्यंतचा. आत शिरल्यावर वेदनेचे तंतू त्याच बाजूने मेड्युलातून मानेपर्यंत खाली उतरतात. तिथल्या स्पायनल ट्रायजेमिनल न्यूक्लियसमध्ये, म्हणजे ते तंतू जिथे पोचतात त्या पेशींच्या लांब पट्ट्यात, चेहरा कांद्याच्या पापुद्र्यांसारखा मांडलेला असतो: ओठ-नाक वर, कानाकडची कड खाली. तुझ्या काकांच्या न्यूक्लियसचा वरचा भाग वाचलाय. चेहऱ्याचे तंतू न्यूक्लियसनंतर बाजू बदलतात, अंगाचे मज्जारज्जूतच बदलून आलेले असतात. म्हणून चेहरा डावा, अंग उजवं.

रक्तवाहिनी विचारली तर लगेच 'पायका' (सेरिबेलमच्या मागच्या-खालच्या भागाची धमनी) म्हणू नकोस, ती जिच्यातून फुटते ती वर्टिब्रल आर्टरीच बंद असल्याचं जास्त वेळा सापडतं. पहिल्या दिवशी एमआरआय कोरा आला असेल तरी निदान सोडू नकोस.

आणि काकांचं तोंडाने पाणी बंद केलंय ना?

धागाकर्ता:
नाही मॅडम, उशाशी अजून तांब्या आहे. वॉर्डात निघालो.