14 फुटी एचओ लेआउट, चार डिझेल इंजिनं: डीसीसी कुठली घ्यावी?

लूपलाइन_कुडाळ

नमस्कार मंडळी. भिंतीलगत 14 फूट लांबीचा एचओ (1:87 प्रमाणातला) मॉडेल रेल्वे लेआउट आहे, तो डीसीसीवर, म्हणजे रुळातूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल हुकूम देणाऱ्या पद्धतीवर न्यायचाय. मधल्या भागात 2 फूट रुंदीत कोकण रेल्वेच्या धाटणीचं क्रॉसिंग स्टेशन, एक मेन आणि दोन लूप. दोन्ही टोकांना रुंदी 4 फूट, तिथे बलून लूप, म्हणजे गाडी फिरून त्याच सिंगल लाइनीवर परत येते. रूळ पेको कंपनीचे कोड 100, पॉइंट सहा, इलेक्ट्रोफ्रॉग (म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात तो फ्रॉग वीज वाहणारा). काळ 2022 च्या, म्हणजे विद्युतीकरणाच्या आधीचा, त्यामुळे वरच्या वायरची भानगड नाही, सगळी डिझेलंच.

इंजिनं चार. दोघांत डिकोडरसाठी (हुकूम वाचून मोटर चालवणारी इंजिनातली चिप) 8 पिनांचं सॉकेट, एकात 21 पिनांचं, चौथं जुनं आणि बिनसॉकेटचं. पाच डब्यांची एक पॅसेंजर आणि एक रो-रो (ट्रक वाहून नेणारी) रेक. एका वेळी दोन गाड्या धावतील, तिसरी लूपला उभी असेल. आत्ता 12 व्होल्ट डीसी कंट्रोलर आणि ब्लॉक स्विच आहेत.

बाहेरून तयार सिस्टिम मागवू, की आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डावर चालणारी डीसीसी-ईएक्स बांधू? सोल्डरिंग येतं, प्रोग्रॅमिंग अजिबात नाही. किती अँपिअर पुरतील? जुनी वायरिंग चालेल का? आणि आपल्याकडची खारी हवा, पावसाळ्यातली ओल, लाइटीचं येणं-जाणं धरून सांगा.

डाऊन_होम_सिग्नल

आधी अँपिअर मोजा, ब्रँड नंतर. मल्टिमीटर 10 अँपिअरच्या रेंजवर लावून इंजिनाला 12 व्होल्ट डीसी द्या आणि चाकं क्षणभर हाताने रोखा. आकडा दिसला की लगेच सोडा, रेंगाळलात तर मोटर जळेल. हा स्टॉल करंट. डिकोडरची कमाल क्षमता याच्या वरची हवी. चालू एचओ इंजिन रुळावर साधारण पाव ते अर्धा अँपिअर खातं, साउंड असेल तर थोडं वर. डब्यांत जुने तारेचे बल्ब असतील तर दर बल्बामागे 40-50 मिलिअँपिअर धरा, एलईडी असेल तर सोडून द्या. तुमच्या तीन गाड्यांना दीड अँपिअर म्हणजे काठोकाठ, 3 अँपिअर म्हणजे निवांत.

आता पर्याय. तुम्ही सांगितलेल्या लेआउटला डीसीसी-ईएक्सच. आर्डुइनो मेगा 2560, त्यावर मोटर शील्ड (रुळाला वीज देणारा, वर बसणारा बोर्ड) आर3, त्यावर किंवा बाजूला वायफायचा ईएसपी8266. प्रोग्रॅमिंग लिहायचं नाहीच. संगणकावर त्यांचा इन्स्टॉलर चालवायचा, बोर्ड कुठला, शील्ड कुठली, वायफाय हवं का, एवढं तो विचारतो आणि स्वतःच बोर्डात भरतो.

घोटाळा होतो तो शील्ड विकत घेताना. बाजारात ‘मोटर शील्ड’ म्हणून सगळ्यात स्वस्त मिळते ती एल293डी चिपची. ती चालत नाही. दर चॅनेलला 0.6 अँपिअरच, आणि करंट मोजायची सोय नाही. तुम्हाला एल298 असलेली, आर3 लिहिलेली हवी. तिच्यावर 2 अँपिअर लिहिलेलं असतं, पण सलग चालवायला दीडच धरा. शिवाय एल298 स्वतःच सुमारे 2 व्होल्ट खाते, म्हणून 12 चा अडॅप्टर लावलात तर रुळावर 10 च्या आसपास पोचतात आणि इंजिनं मरगळतात. 15 व्होल्ट 3 अँपिअरचा अडॅप्टर घ्या.

आणि हे विसरू नका: 15 व्होल्ट द्यायच्या आधी शील्डच्या मागच्या बाजूचा ‘व्ही-इन कनेक्ट’ जंपर कटरने कापायचा. नाही कापला तर तेच 15 व्होल्ट मेगाच्या रेग्युलेटरवर जातात आणि तो तापून जातो. कापल्यावर मेगाला वेगळा 7 ते 9 व्होल्टचा अडॅप्टर. कापलंय की नाही ते मल्टिमीटरच्या बझरने तपासा, डोळ्याने नको.

‘43 अँपिअर’ छापलेलं बीटीएस7960 चं मॉड्युल बघून मोहात पडू नका. करंट सेन्सिंग नीट जोडलं नाही तर शॉर्ट झाल्यावर ते वीज तोडत नाही, आणि पॉइंटवर घसरलेल्या इंजिनाच्या पिकअपमधून पॉवर सप्लायचा सगळा जोर जातो. दीड अँपिअर कमी वाटले तर डीआरव्ही8874 ची शील्ड घ्या. ती मॉसफेटची, व्होल्टेज जवळपास खात नाही, त्यामुळे 14 चा सप्लायही पुरतो.

बाहेरचं मागवायचं तर रोकोची झेड21. पांढऱ्याला एक्स-बस, काळ्याला शिवाय लोकोनेट आणि कॅन (हँडसेट वगैरे जोडायचे मार्ग). तुमच्या गरजेला काळी म्हणजे उगाच. एनसीईचा पॉवर कॅब हातात धरायला छान आहे, पण कमांड स्टेशनच (हुकूम तयार करणारा सिस्टिमचा मेंदू) त्या हँडसेटमध्ये असल्यामुळे प्लग काढून दुसरीकडे लावायला गेलात की अख्खा लेआउट बंद, आणि मर्यादा 2 अँपिअरच्या आसपास. अडॅप्टरवर 100 ते 240 व्होल्ट लिहिलंय ना ते बघूनच आपल्या 230 ला लावा. अमेरिकेतून आलेल्या सेटमध्ये फक्त 120 चा निघू शकतो.

सीमाशुल्क धरायला विसरू नका. खेळण्यांच्या 9503 या शीर्षकावर ते 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झालं, 2023 मध्ये 70. मागवायच्या दिवशीचा दर बघा, वर जीएसटी आणि कुरिअरचा आकार आलाच. मेगा आणि शील्ड इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात इथेच मिळतात, आणि मुख्य म्हणजे बिघडल्या तर चार दिवसांत दुसऱ्या मिळतात.

खारा_वारा

वरच्या प्रतिसादातलं बहुतेक बरोबर. पण कोकणात डीसीसी बंद पडते ती कमांड स्टेशनमुळे क्वचित. वायर आणि जोड हेच कारण. डीसीमध्ये खराब जोड असेल तर गाडी जरा हळू जाते. डीसीसीमध्ये सिग्नल त्याच दोन रुळांतून जातो, त्यामुळे इंजिन अडखळतं, साउंड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि माणूस डिकोडरला दोष देत बसतो.

जुन्या ब्लॉक स्विचमधून डीसीसी चालेल, सगळे स्विच चालू ठेवून. पण ठेवू नका. प्रत्येक स्विच म्हणजे ओल धरणारा आणखी एक कॉन्टॅक्ट. लेआउटखालून दोन वायरींची बस (मुख्य वायरजोडी) टाका, 1.5 चौरस मिलिमीटर, दोन्ही वायरी सैल पिळून. 14 फुटांना एवढी जाडी भरपूर होते. बसची गोल कडी करायची नाही, दोन्ही टोकं सुटी ठेवायची. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचा फीडर (रुळाला बसशी जोडणारी वायर), 0.5 चौरस मिलिमीटरचा, वीतभर लांब. रुळाचे तुकडे जोडणाऱ्या जॉइनरवर वीज वाहायची जबाबदारी टाकू नका, दोन पावसाळ्यांत ते हिरवे पडतात.

वायर शक्यतो टिन केलेली तांब्याची. साधं तांबं इन्सुलेशनच्या आतही काळं पडत जातं आणि मग सोल्डर धरत नाही. फ्लक्स फक्त रोझिन. ॲसिड पेस्टने सोल्डर झटकन बसतं खरं, पण उरलेलं ॲसिड दमट हवेत जोड खातच राहतं. चिमटा कनेक्टर, म्हणजे वायर न सोलता दाबायचे ते, खाऱ्या हवेत नकोत. सोल्डर करा, वर श्रिंक नळी. स्क्रू टर्मिनलमध्ये वायर घालायची असेल तर टोकाला फेरूल दाबून.

झालं की दोन चाचण्या. पहिली नाण्याची: पॉवर चालू ठेवून स्टीलचं दोन रुपयांचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं ठेवा. प्रत्येक तुकड्यावर, प्रत्येक पॉइंटच्या पलीकडे. कमांड स्टेशनने लगेच पॉवर तोडली पाहिजे. नाणं नुसतं तापलं आणि पॉवर तुटली नाही, तर तिथला फीडर बारीक किंवा जोड कच्चा. दुसरी: मोटारीच्या ब्रेकलाइटचा 12 व्होल्ट 21 वॅटचा बल्ब लांबच्या टोकाला लावा, तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो. म्हणजे दीडच्या शील्डला ही परीक्षा नको, मोठ्या शील्डलाच. बल्ब पेटलेला असताना कमांड स्टेशनपाशी आणि तिथे एसी व्होल्ट मोजा. साधा मल्टिमीटर डीसीसीचा आकडा नेमका दाखवत नाही, पण इथे फक्त फरक बघायचाय. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर जोड शोधा.

इलेक्ट्रोफ्रॉगला फ्रॉगनंतरच्या आतल्या दोन्ही रुळांना प्लास्टिकचे जॉइनर हवेतच, नाहीतर पॉइंट बदलताच शॉर्ट. फ्रॉगला वीज पॉइंट मोटरच्या स्विचमधून द्या. पात्याच्या टोकाच्या स्पर्शावर सोडलीत तर तिथेच मीठ बसतं.

प्लाय आयएस 710 चा मरीन घ्या आणि कडा, खालची बाजू, भोकं, सगळीकडून रंग द्या. रूळ फुगत नाही तेवढं लाकूड फुगतं. जांभ्याच्या भिंतीपासून लेआउट चार बोटं सुटा ठेवा आणि कंट्रोलचा डबा भिंतीला ठोकू नका, ओल तिथूनच येते. मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस, दोन्हीत विजा. खेळ संपला की प्लग भिंतीतून उपटायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

नॉब_हवाच

बांधणीबद्दल वाद नाही, चालवण्याबद्दल आहे. मोबाइलच्या काचेवर शंटिंग करून बघा: नजर इंजिनावर, आणि अंगठा स्लायडरवरून कधी घसरला ते कळतही नाही. गोल नॉब न बघता फिरवता येतो. घरात लहान मुलं किंवा आजोबा चालवणार असतील तर नॉबवाला हँडसेट असलेली तयार सिस्टिम मी आधी धरेन, पैसे गेले तरी.

मोबाइलच वापरणार असाल तर जुना अँड्रॉइड फोन त्यासाठीच वेगळा ठेवा, त्यात इंजिन ड्रायव्हर ॲप. सिम काढा किंवा मोबाइल डेटा बंद करा. डीसीसी-ईएक्सच्या वायफायवर इंटरनेट नसतं, फोनला ते आवडत नाही, तो गुपचूप डेटावर उडी मारतो आणि गाडी शेवटच्या वेगाने सुटते. म्हणून पॉवर तोडणारा एक खराखुरा स्विच लेआउटच्या कडेला हाताशी असू दे.

लाइट गेली तर: डीसीसी-ईएक्स पुन्हा सुरू होते तेव्हा रुळाची पॉवर बंदच असते, ती आपण चालू करायची. ही सोयच आहे. त्याआधी डिकोडरमधला सीव्ही29 (एका सेटिंगचा आकडा) बघा. बऱ्याच डिकोडरमध्ये तो 6 येतो, त्यातले 4 म्हणजे ॲनालॉग (साध्या डीसीवर चालणं) चालू. शॉर्ट किंवा झटक्यात डिकोडर गोंधळला की त्याला साधी डीसी आल्यासारखं वाटतं आणि इंजिन सुसाट जातं. सीव्ही29 ला 2 लिहा. चार आकडी पत्ता वापरणार असाल तर 34.

लूपलाइन_कुडाळ

मनापासून आभार. डीसीसी-ईएक्स, डीआरव्ही8874 ची शील्ड, आणि बस नव्याने, असं ठरवतोय. दोन गोष्टी राहिल्या: बिनसॉकेटचं जुनं इंजिन, आणि दोन बलून लूप. डीसीत लूपला टॉगल स्विच होता.

डाऊन_होम_सिग्नल

जुन्या इंजिनात पहिली अट: मोटरचे दोन्ही ब्रश चासीपासून पूर्ण तुटलेले हवेत. बऱ्याच जुन्या मॉडेलांत एक ब्रश सरळ धातूच्या चासीला टेकलेला असतो. तसाच डिकोडर लावला तर पहिल्या सेकंदाला गेला. मोटरच्या टोकांपासून चाकांपर्यंत बझर वाजता कामा नये. मग रंग: लाल उजव्या रुळाच्या पिकअपला, काळी डाव्या. केशरी आणि करडी मोटरला. पांढरी पुढचा दिवा, पिवळी मागचा, निळी दोन्ही दिव्यांची सामाईक. इंजिन उलट्या दिशेने गेलं तर केशरी-करडीची अदलाबदल. मोटरवरचा जुना कपॅसिटर काढून टाका. तसाच रुळाच्या डीसी क्लिपमध्ये लपलेला असतो, तोही काढा, तो डीसीसीचा सिग्नल खातो.

इंजिन पहिल्यांदा मेन लाइनीवर ठेवायचं नाही. प्रोग्रॅमिंगच्या वेगळ्या तुकड्यावर ठेवून पत्ता वाचा. तिथे करंट 250 मिलिअँपिअरला अडवलेला असतो, वायर चुकली असली तरी डिकोडर वाचण्याची आशा असते. स्टे-अलाइव्ह कपॅसिटर (वीज क्षणभर तुटली तरी इंजिन चालू ठेवणारा) असेल तर वाचन फसू शकतं, तेवढ्यापुरता तो सोडवा.

लूपचं असं: स्टेशनातले लूप साधे, त्यांना काही लागत नाही. बलूनला मात्र दोन्ही बाजूंनी, दोन्ही रुळांत गॅप, आणि प्रत्येक बलूनला स्वतःचा ऑटो-रिव्हर्सर (गाडी फिरून आल्यावर शॉर्ट होऊ नये म्हणून तुकड्यातल्या दोन रुळांची वीज आपोआप उलटवणारं मॉड्युल). शील्डच्या दोन चॅनेलपैकी एक मेनला, एक प्रोग्रॅमिंगला जातो, म्हणून हे मॉड्युल बाहेरचेच. मधला तुकडा सगळ्यात लांब गाडीपेक्षा लांब हवा. एलएचबी डबा एचओत 27 सेंटिमीटर, म्हणजे पाच डबे आणि इंजिन मिळून 1.6 मीटरच्या आसपास. 50 सेंटिमीटर त्रिज्येच्या लूपमध्ये 2 मीटरचा तुकडा सहज बसतो.

रिव्हर्सरची तुटण्याची मर्यादा कमांड स्टेशनपेक्षा खाली ठेवा. सारखी असेल तर रिव्हर्सर दिशा फिरवायच्या आधी कमांड स्टेशनच पॉवर तोडतं आणि गाडी बरोबर गॅपवर उभी राहते. रिलेवाले मॉड्युल यात हमखास मागे पडतात, मॉसफेटचे घ्या.

खारा_वारा

गॅपमध्ये प्लास्टिकचा जॉइनर किंवा स्टायरीनची चकती बसवाच. नुसती फट ठेवलीत तर जुलैत प्लाय फुगल्यावर किंवा मेमधल्या उन्हात रूळ सरकून ती बंद होते, आणि मग शॉर्ट कुठे आहे ते दिवसभर शोधत बसाल.