नामानाचं ‘मला वाटलं होतं’ आणि आपलं

कोरी पाटी (धागाकर्ता)
बायबलमधली नामानाची गोष्ट लहानपणापासून ऐकतोय, पण त्यातलं एक वाक्य परवा पहिल्यांदाच बोचलं. कुष्ठरोग झालेला हा अरामी सेनापती रथ-घोडे घेऊन अलीशाच्या दारात उभा राहतो. संदेष्टा बाहेरसुद्धा येत नाही. नुसता निरोप धाडतो: यार्देनेत सात वेळा बुडी मार. नामान भडकतो. मला वाटलं होतं, तो बाहेर येईल, परमेश्वराचं नाव घेईल, रोगाच्या जागेवरून हात फिरवील! (२ राजे, अध्याय ५). नदी समोर होती, उपाय सांगून झाला होता. आडवं आलं ते ‘मला वाटलं होतं’.

माझंही तसंच झालं. आई आजारी होती तेव्हा मी प्रार्थनांची वही ठेवायचो. डावीकडे मागणं, उजवीकडे उत्तर मिळाल्याची तारीख. आई गेली, तिच्यासमोरचा रकाना कोराच राहिला आणि माझा विश्वास आटला. वर्षभराने वही उघडली तेव्हा लक्षात आलं की मी देवाकडून वसुली करत होतो. म्हणून म्हणतो, देव असा आणि देव तसा हे सगळंच खाली ठेवावं. पटतंय का?

जुना करार
आईचं वाचून वाईट वाटलं. पण पटत नाही. ‘सगळंच’ म्हणजे नेमकं काय? देव एक आहे, तो निर्माता आहे, हेही? ही आपली समजूत नव्हे, मंडळीची (चर्चची) कबुली आहे. दुसऱ्या शतकातल्या मार्सियन या ख्रिस्ती शिक्षकानेही न पटणारा देव बाजूला काढलाच होता: जुना करार टाकला, लूकचं शुभवर्तमान छाटून ठेवलं आणि पौलाची दहा पत्रं तेवढी घेतली. इ.स. १४४ मध्ये रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं. पूर्वग्रह सोडतो म्हणणारा माणूस बहुतेक वेळा अडचणीचा देव सोडतो आणि सोयीचा धरतो.

आणि नामान यार्देनेत उतरला तो स्पष्ट आज्ञा होती म्हणून. मन कोरं करून नदीकाठी बसला असता तर कुष्ठ तसंच राहिलं असतं.

मेणबत्ती
जुना करार, तुमचं म्हणणं पुस्तकात बरोबर आहे. आमचे वडील घरात आले की आम्ही भावंडं पटापट पुस्तकं उघडून बसायचो. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणताना माझे खांदे अजून आवळतात. शब्द शास्त्रातला, चेहरा मात्र आमच्या घरातला. तो चेहरा सोडायचा की नाही?

जुना करार
तो सोडायलाच हवा. पण लूक १५ मधला बाप धावत जाऊन परत आलेल्या उधळ्या मुलाच्या गळ्यात पडतो, तो चेहरा कुठून आणणार? शास्त्रातूनच ना?

मेणबत्ती
हो. फक्त तिथवर पोचायला मला वीस वर्षं लागली. उपदेशांत तो बाप क्वचितच धावला.

वाटसरू
मला इथे योहान आठवतो, बाप्तिस्मा करणारा. त्याने काय सांगितलं होतं? झाडांच्या मुळाशी कुऱ्हाड ठेवली आहे, येणाऱ्या तारणाऱ्याच्या हातात सूप आहे, भूस जाळून टाकील. आणि येशू जकातदारांच्या पंगतीत जेवतोय! तुरुंगातून योहान विचारतो, जे येणार आहेत ते आपणच की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? (मत्तय ११). येशू त्याला गप्प करत नाही आणि ‘विसर तुझी कुऱ्हाड’ असंही म्हणत नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, हे त्याला सांगा म्हणतो. हे यशया संदेष्ट्याचेच शब्द आहेत. म्हणजे योहानाला ठाऊक असलेलंच शास्त्र, त्याने न धरलेल्या बाजूने. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे, असं म्हणून मी मोकळा होणार नाही. माझं मत जुना करार यांच्या बाजूने जास्त.

कोरी पाटी
‘सगळंच’ हा शब्द मागे घेतो, तो रागातला होता. पण सोयीचा देव धरला हे मान्य नाही. सोयीचा देव तर वहीतला होता. तारीख टाकली की काम झालं. आताचा ऐकतो की नाही तेही मला कळत नाही, तरी बोलतो.

जुना करार
मग वहीचं काय केलंत?

कोरी पाटी
आहे. उजवीकडे आखत नाही.